मुलाला इंग्रजी यावं म्हणून द्विभाषिक शाळाच हवी का? निर्णयाआधी करायच्या गोष्टी

तिसरीतल्या एका मुलाने मला एकदा धडाधड म्हणून दाखवलं, 'वॉटर इव्हॅपोरेट्स ड्यू टू हीट.' उच्चार स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. आईवडील खूश. मी त्याला घरच्याच भाषेत विचारलं, 'दोरीवर ओले कपडे टाकले की वाळतात. मग त्यातलं पाणी जातं कुठे?' तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, 'खाली गळून जातं.' 'आणि एक थेंबही न गळता वाळले तर?' यावर तो आईकडे बघायला लागला.

वाक्य आलं होतं, विज्ञान राहिलं होतं. याच्या उलटही मुलं असतात: वाफ कशी होते हे नीट समजावून सांगतील, पण ते इंग्रजीत म्हणता येणार नाही. अशा मुलाला ते वाक्य शिकवायला एक दुपार पुरते. पहिल्याला मात्र धडा मुळापासून शिकवावा लागतो. शिवाय त्याचा धडा कच्चा आहे हे बहुतेक वेळा कळतच नाही, कारण परीक्षेत त्या पाठ वाक्याला पूर्ण मार्क मिळालेले असतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. द्विभाषिक शाळा हा इंग्रजी शिकण्याचा एक मार्ग आहे, शाळा खरोखर चांगली असेल तर भक्कम मार्ग आहे, पण एकमेव नाही. 'द्विभाषिक शिक्षण चांगलं की वाईट' या वादात पडलात तर वर्ष निघून जाईल. 'ही शाळा, या मुलासाठी, आत्ता' एवढाच प्रश्न घ्या. त्यातलं बरंचसं मोजता येतं.

आधी पाटीच्या मागे काय आहे ते विचारा

'द्विभाषिक' या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. काही शाळांत सुरुवातीला जवळजवळ सगळंच शिक्षण नव्या भाषेत होतं आणि घरची भाषा हळूहळू वाढवत नेतात. काही ठिकाणी वेळ अर्धा-अर्धा वाटलेला असतो. काही शाळांत वर्गातली निम्मी मुलं एका भाषेची आणि निम्मी दुसऱ्या भाषेची मुद्दाम घेतात, म्हणजे मुलं एकमेकांकडून शिकतात. मायामीच्या कोरल वे शाळेत १९६३ मध्ये स्पॅनिश-इंग्रजीचा असा प्रयोग सुरू झाला होता. चौथ्या प्रकारात एक-दोन विषय तेवढे इंग्रजीतून असतात, बाकी शाळा नेहमीसारखी.

पाचवाही प्रकार आहे. पुस्तक इंग्रजी, शिकवणं घरच्या भाषेत, उत्तरं फळ्यावरून उतरवून घ्यायची आणि पाठ करायची. हा प्रकार कुठल्याच माहितीपत्रकात नसतो, पण सगळ्यात जास्त आढळतो.

म्हणून शाळेला पहिला प्रश्न हा विचारा: आठवड्यातले नेमके किती तास इंग्रजीतून असतात, आणि कोणते विषय? उत्तर तासांत आलं पाहिजे. 'आमच्याकडे वातावरणच इंग्रजी असतं' हे उत्तर नव्हे.

इंग्रजी कशासाठी आणि कितपत

'फाडफाड इंग्रजी' हे ध्येय होऊ शकत नाही, कारण ते गाठलं की नाही हे सांगता येत नाही. त्याऐवजी, मुलाला कोणत्या वयात काय करता यावं ते लिहून काढा. बाराव्या वर्षी सोपी गोष्टीची पुस्तकं स्वतः वाचता यावीत. पंधराव्या वर्षी अनोळखी माणसाशी दहा मिनिटं बोलता यावं. अठराव्या वर्षी जाडजूड इंग्रजी पाठ्यपुस्तक वापरून शिकता यावं.

युरोपात २००१ पासून भाषेच्या सहा पातळ्या रूढ आहेत: ए१ (अगदी प्राथमिक) पासून सी२ (पूर्ण प्रभुत्व) पर्यंत. वर लिहिलेल्या तीन अपेक्षा ढोबळमानाने ए२, बी१ आणि बी२ यांच्या आसपास बसतात. केंब्रिजच्या परीक्षामंडळाच्या अंदाजाने शून्यापासून ए२ गाठायला शिक्षकासोबतचे १८० ते २०० तास लागतात, बी१ ला ३५० ते ४०० आणि बी२ ला ५०० ते ६००. लहान मुलांना याहून जास्त वेळ लागतो हे धरून चाला. तरीही या आकड्यांमुळे प्रश्नाला एक माप मिळतं.

तासांचा हिशेब

कागद घ्या. साध्या शाळेत आठवड्याला इंग्रजीच्या ४ तासिका, प्रत्येकी ४० मिनिटं, वर्षाचे ३६ आठवडे. वर्षाला ९६ तास, दहा वर्षांत ९६०. कागदावर बी२ ओलांडून पुढे जायला हवं. प्रत्यक्षात एवढी वर्षं इंग्रजी 'विषय' म्हणून शिकूनही चार वाक्यं बोलता न येणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. मग तास गेले कुठे? वर्गात ४० मुलं असली आणि शिक्षक संपूर्ण तासिकाभर गप्प बसले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला एक मिनिट येतं. त्यात निम्मा तास इंग्रजीबद्दल घरच्या भाषेत बोलण्यात जातो. घड्याळात तास पडतात, मुलाच्या कानात आणि तोंडात पडत नाहीत.

आता द्विभाषिक शाळेचा हिशेब. आठवड्याला १० तास इंग्रजीतून धरले तर वर्षाला ३६०, म्हणजे जवळजवळ चौपट. हा फरक मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण गळती तिथेही असते. शिक्षक प्रत्येक वाक्य भाषांतरित करत असतील, तर मूल इंग्रजी वाक्य सोडून भाषांतराची वाट बघायला शिकतं. हे ते फार लवकर शिकतं!

तिसरा आकडा घरचा. रोज २० मिनिटं इंग्रजी ऐकणं, वाचणं, बोलणं. वर्षाला १२० तास, आणि समोर एकच मूल. शाळेच्या ९६ तासांपेक्षा जास्त. घरून हे १२० तास खरोखर देता येतील का, याचं प्रामाणिक उत्तर द्या. पुढचा अर्धा निर्णय त्यावर अवलंबून आहे.

'वय निघून जाईल' ही भीती

लहान मुलं स्पंजासारखी भाषा टिपतात, हे आपण इतकं ऐकलंय की त्यातली अट विसरून गेलो आहोत. भाषा सतत कानावर पडत असेल, खेळायला, भांडायला, मागायला तीच लागत असेल, तेव्हा लहान मुलं टिपतात. शाळेतल्या मोजक्या तासांत उलटं घडतं. बार्सिलोनात भाषा-संशोधक कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या आणि अकराव्या वर्षी सुरू केलेल्या मुलांची समान तासांनंतर तुलना केली. मोठी मुलं पुढे होती. त्यांना वाचता येत होतं, नियम समजत होते, कसं शिकायचं हे माहीत होतं.

मग लवकर सुरुवात निरुपयोगी का? तसंही नाही. २०१८ मध्ये सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या इंग्रजी व्याकरण-चाचणीचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत टिकून असलेली दिसली. मात्र ती भाषा जन्मतः बोलणाऱ्यांसारखं प्रभुत्व हवं असेल, तर दहा-बाराच्या आत सुरुवात झालेली बरी. उच्चारांना लवकर सुरुवातीचा फायदा होतो. तेव्हा चार वर्षांच्या मुलाच्या प्रवेशासाठी रात्रीची झोप घालवू नका. नवव्या, दहाव्या वर्षी नेटाने सुरुवात केली तरी दार उघडं असतं.

मुलाची घरची भाषा तपासा

ही पायरी पालक सर्रास गाळतात. प्रश्न इंग्रजीचा असताना घरची भाषा कशाला तपासायची? कारण पुढची इमारत याच पायावर उभी राहते. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने १९७९ मध्ये भाषेचे दोन थर वेगळे करून दाखवले. एक गप्पांची भाषा, दुसरी अभ्यासाची. स्थलांतरित मुलं चहूबाजूंनी इंग्रजी ऐकत असतानाही गप्पांपुरती तयार व्हायला साधारण दोन वर्षं घेत होती, आणि वर्गातल्या अभ्यासाच्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात. एका भाषेत 'कारण', 'तुलना', 'तरीसुद्धा' या गोष्टी पक्क्या झाल्या असतील तर दुसऱ्या भाषेत फक्त शब्द बदलावे लागतात. पहिल्याच भाषेत त्या कच्च्या असतील तर तेलही गेलं, तूपही गेलं अशी गत होते.

तपासायला परीक्षा नको. तीन गोष्टी करून पाहा.

१. वाचून दाखवलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगायला सांगा. क्रम आणि कारणं येतात का?
२. अनोळखी माणसाला समजेल असे एका खेळाचे नियम सांगायला लावा. 'मग ते तसं करायचं' याच्या पलीकडे मूल जातं का?
३. सहा-सात वर्षांचं असेल तर नवा परिच्छेद वाचून घ्या आणि 'असं का झालं असेल?' विचारा.

हे जमत असेल तर मूल दुसऱ्या भाषेचं ओझं उचलू शकेल. अजून जमत नसेल तर वर्षभर याच भाषेत भरपूर वाचन होऊ द्या. लिपीचाही मुद्दा आहे. देवनागरीत अक्षर आलं की शब्द वाचता येतो. इंग्रजीत तसं नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका तुलनेत बहुतेक भाषांतली मुलं पहिल्या वर्षाअखेर नीट वाचत होती, इंग्रजीतल्या मुलांना दोनहून जास्त वर्षं लागत होती. 'वाचन म्हणजे काय' हे सोप्या लिपीत आधी कळलेलं मूल इंग्रजीच्या चक्रव्यूहात कमी घाबरतं.

एक आडबाजूची गोष्ट. दोन भाषांमुळे मूल बोलण्यात मागे पडतं, हा समज चुकीचा आहे. साधारण ७ टक्के मुलांना भाषाविकासाची अडचण मुळातच असते आणि ती त्यांच्या सगळ्या भाषांत दिसते. घरच्या भाषेतही मूल समवयस्कांपेक्षा स्पष्टपणे मागे असेल, तर शाळा बदलण्याआधी वाचा-भाषातज्ज्ञांना दाखवा.

शाळा आतून बघा

दुरून डोंगर साजरे. शाळेचा एक दिवस मागून घ्या आणि बालवर्गात बसू नका. तिथे सगळीकडेच गाणी आणि टाळ्या असतात. चौथी-पाचवीच्या विज्ञान किंवा गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसा. द्विभाषिक शाळेची कसोटी तिथे लागते.

शिक्षकांकडे कमी आणि मुलांकडे जास्त लक्ष द्या. मुलांची उत्तरं किती शब्दांची आहेत? सगळा वर्ग एका सुरात 'येस, टीचर' म्हणत असेल, किंवा शिक्षक वाक्य सोडतात आणि मुलं शेवटचा शब्द पुरा करतात, तर ते पाठांतर आहे. कुणी मूल चुकीच्या इंग्रजीत का होईना, स्वतःचं वाक्य बनवतंय का? त्या चुकीवर वर्ग हसतो की शिक्षक ते वाक्य सहज दुरुस्त करून पुढे नेतात? मुलं प्रश्न विचारतात का? परक्या भाषेत आधी आटतात ते प्रश्न. तास शांत आहे म्हणून शिस्त चांगली, असं समजू नका.

मग पाच-सहा वह्या मागा. सगळ्या वह्यांत उत्तर शब्दाला शब्द सारखं असेल, तर उत्तर मुलांचं नाही, फळ्याचं आहे. माझ्या मते शाळेबद्दलचा सगळ्यात प्रामाणिक पुरावा हाच. वही मागितल्यावर टाळाटाळ झाली तर तोही पुरावाच समजा.

शिक्षकांचं इंग्रजी बघताना उच्चारांवर जाऊ नका. पुस्तकात नसलेला प्रश्न आला तर ते इंग्रजीतच, वेगळ्या सोप्या शब्दांत समजावू शकतात का, ते बघा. ज्यांना ते जमत नाही त्यांचा दोष नाही, पण त्या वर्गात विषय आणि भाषा दोन्ही अडतात. मलेशियाने २००३ मध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये ते धोरण मागे घेण्याचा निर्णय घेतला. शिक्षकांची तयारी आणि ग्रामीण मुलांची पीछेहाट या तिथल्या मोठ्या तक्रारी होत्या. एका देशाला सहा वर्षांत जे पेललं नाही, ते एखादी शाळा नुसती पुस्तकं बदलून पेलेल असं मानू नका.

मुख्याध्यापकांना विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. मुलाला समजलं नाही तर त्याच्या भाषेत समजावतात, की त्या भाषेत बोलल्याबद्दल रागावतात? परीक्षेत विषय समजला पण इंग्रजी चुकलं तर मार्क जातात का? घरच्या भाषेचं वाचन-लेखन कोणत्या इयत्तेपर्यंत आणि किती तास? मागच्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? घरच्या भाषेवर दंड किंवा शिक्षा असेल, तर माझ्या मते पुढचे प्रश्न विचारायची गरज नाही.

घर काय पेलू शकतं

इथे जरा कटू आकडेमोड येते. माद्रिदमध्ये २००४ पासून सरकारी शाळांत द्विभाषिक कार्यक्रम सुरू झाला. अर्थतज्ज्ञांनी त्याचा परिणाम मोजला तेव्हा इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या विषयात नुकसान झालेलं दिसलं, ते ज्यांच्या आईवडिलांचं शिक्षण कमी होतं अशा मुलांचं. हाँगकाँगवरचा २००० मधला एक मोठा अभ्यास तर सरळ सांगतो: माध्यमिक शाळेत इंग्रजी माध्यमाने इंग्रजी थोडं सुधारलं, पण इतिहास, भूगोल आणि विज्ञानात मोठी घट झाली.

मग कॅनडातला तो प्रसिद्ध यशस्वी प्रयोग? १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आग्रह धरून फ्रेंचमधून वर्ग सुरू करवले. मुलांना फ्रेंच उत्तम समजायला लागलं, इंग्रजीत ती मागे राहिली नाहीत, विषयही पक्के झाले. पण तिथे शिक्षक दोन्ही भाषा जाणणारे होते, वर्गातली सगळी मुलं फ्रेंचमध्ये शून्यावर होती आणि त्यांच्या घरच्या भाषेला बाहेर भरपूर मान होता. एवढं असूनही अशा वर्गांतल्या मुलांच्या बोलण्या-लिहिण्यात वर्षानुवर्षं व्याकरणाच्या चुका राहतात, असं कॅनडातल्याच भाषा-अभ्यासक मेरिल स्वेन यांनी नंतर दाखवलं. ऐकणं भरपूर होतं, स्वतः रचून बोलणं कमी.

म्हणून स्वतःला विचारा: पाचवीच्या विज्ञानात मूल अडलं तर घरी कोण समजावेल? इंग्रजीतूनच समजावायला हवं असं नाही. विषय घरच्या भाषेत नीट उलगडून सांगणारं कुणी असलं, तरी पुष्कळ झालं. तेही नसेल आणि शाळाही 'समजलं का?' एवढंच विचारून पुढे जाणारी असेल, तर जोखीम मोठी आहे.

मग ठरवायचं कसं

द्विभाषिक शाळेकडे कल असावा, जर: कुटुंब येत्या दोन-तीन वर्षांत इंग्रजी बोलणाऱ्या देशात जाणार असेल, घरात इंग्रजीचे तास देणं कुणालाच शक्य नसेल, पण विषय समजावणारं माणूस असेल, शाळेच्या वह्या आणि चौथीचा वर्ग वरच्या कसोटीला उतरले असतील, घरची भाषा शाळेत मानाने टिकून असेल. यातलं शाळेचं कलम कच्चं असेल तर बाकीची कलमं जुळूनही उपयोग नाही.

चांगली साधी शाळा आणि शेजारी नेमाने इंग्रजी, हा पर्याय उरलेल्या बहुतेकांसाठी पुरेसा आहे. स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये बहुसंख्य मुलं स्वतःच्या भाषेतच शिकतात आणि तरीही त्यांचं इंग्रजी जगात नावाजलेलं आहे. त्यांच्या भाषा इंग्रजीच्या नात्यातल्या आहेत हे खरं, पण परदेशी मालिका-चित्रपट डब न करता मूळ आवाजात, उपशीर्षकांसह दाखवायची तिथली सवयही त्यात मोलाची आहे.

या दुसऱ्या मार्गाने जायचं ठरलं तर एक वर्ष असं आखा. पहिले तीन महिने फक्त ऐकणं: मुलाला आवडेल तीच छोटी गोष्ट, आवाज आणि चित्रांसह, पुन्हा पुन्हा. एक गोष्ट वीस वेळा ऐकणं हे वीस गोष्टी एकेकदा ऐकण्यापेक्षा बरं. मग तीच गोष्ट ऐकता ऐकता बोट ठेवून वाचणं. सहाव्या महिन्यापासून पातळीनुसार लिहिलेली छोटी पुस्तकं, पानावर पाचपेक्षा जास्त अनोळखी शब्द येणार नाहीत अशी. बोलण्यासाठी आठवड्यातून दोनदा तीन-चार मुलांचा गट आणि चांगलं बोलणारी एक व्यक्ती. हे घरी जमत नाही, त्यावर पैसे खर्च करायला हरकत नाही. तुमचं स्वतःचं इंग्रजी कच्चं असेल तर शिकवू नका, मुलाबरोबर शिका. चुकीचे उच्चार तुमच्याकडून पक्के होण्यापेक्षा तुम्ही दोघांनी आवाज ऐकून नक्कल केलेली चांगली.

सुरुवातीला मुलाने न बघितलेलं एक चित्र दाखवा, त्यावर मिनिटभर इंग्रजीत बोलायला सांगा आणि रेकॉर्ड करून ठेवा. दर चार महिन्यांनी नवं चित्र, नवं रेकॉर्डिंग. वर्षाअखेर सगळी ओळीने ऐका. शब्द वाढले, वाक्यं लांबली तर मार्ग बरोबर आहे. काहीच हललं नसेल तर रोजची २० मिनिटं प्रत्यक्षात किती दिवस झाली ते आधी मोजा, आणि मगच शाळेचा विचार पुन्हा उघडा.

मूल आधीच द्विभाषिक शाळेत असेल तर

पहिले काही महिने मूल वर्गात गप्प राहिलं तर घाबरू नका. नव्या भाषेत अनेक मुलं आधी नुसती ऐकतात. काळजीच्या खुणा वेगळ्या असतात: घरच्या भाषेतही शाळेबद्दल काही न सांगणं, आधी प्रश्न विचारणाऱ्या मुलाचं विचारणं बंद होणं, उत्तर पाठ पण प्रश्नातला एक शब्द बदलला की अडकणं. दर महिन्याला एक धडा निवडून तो घरच्या भाषेत तुम्हाला शिकवायला सांगा. सलग तीन महिने जमलं नाही तर शिक्षकांशी बोला. त्यांच्याकडून पुस्तकातल्या धड्यांची यादी आगाऊ घ्या आणि प्रत्येक धडा वर्गात यायच्या आधी घरी आपल्या भाषेत बोलून ठेवा. नंतर शिकवणी लावण्यापेक्षा हे आधीचं बोलणं जास्त कामाला येतं, कारण वर्गात बसल्यावर मुलाला फक्त भाषा सोडवायची उरते.

शाळा बदलायची वेळ आलीच तर वर्षाच्या मध्यात नको, आणि शक्यतो विषय जड होण्याआधी. नव्या शाळेत जाण्याआधीची सुट्टी घरच्या भाषेतल्या वाचनाला द्या. 'तुला जमलं नाही म्हणून' हे वाक्य मात्र घरात कुणी उच्चारायचं नाही, आजीआजोबांनाही तसं आधीच सांगून ठेवा.